निघण्याआधीची ईद राहणाऱ्यांची असते

कोकणातल्या आमच्या घरांत परदेशी निघणाऱ्या माणसाची शेवटची ईद कशी होते, हे बहुतेक वाचकांना वेगळे सांगायला नको. तिकीट आधीच काढलेले असते. तो येणार म्हणून फणस राखून ठेवतात, सांदणांचे पीठ भिजते, जुन्या गाद्यांना नवे अभ्रे चढतात. मग चार दिवसांत तीस घरांची दारे वाजवायची, प्रत्येक घरी सरबत घ्यायचे आणि प्रत्येकाच्या ‘आता परत कधी?’ला ‘इन्शाअल्लाह, लवकरच’ म्हणायचे. शेवटच्या रात्री बॅग काट्यावर ठेवून 23 किलोंत सुक्या सोड्यांची पिशवी बसते का ते पाहायचे. पहाटे अंगणात सगळे उभे. दुआ होते, फोटो होतो, गाडी सुटते.

या सगळ्यात प्रेम आहे आणि मला त्याची थट्टा करायची नाही. पण या सोहळ्याच्या मध्यभागी नेहमी जाणारा असतो. त्याला काय आवडते, त्याला काय बांधून द्यायचे, त्याचे तिकडे कसे होईल. त्याच्या मागे राहणाऱ्या माणसांचे कसे होईल, हा प्रश्न त्या गडबडीत कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे आहे की निघण्याआधीची ईद ही राहणाऱ्यांची असते. जाणाऱ्याने त्या दिवसांत पाहुण्यासारखे राहू नये. आपल्या मागे कोणावर काय पडणार आहे ते बसून ठरवावे, देणे-घेणे लिहून ठेवावे आणि वर्षानुवर्षे टाळलेले बोलणे बोलून घ्यावे.

हे आज लिहिते आहे, कारण यंदा निघणारी मी आहे. सप्टेंबरमध्ये दोन वर्षांच्या शिक्षणासाठी मी जर्मनीला जाते आहे. 7 जून 2025ची बकरी ईद ही निघण्याआधीची माझी शेवटची ईद. त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावी नऊ दिवस राहून आले. आमच्या घरातून बाहेर पडलेली मी पहिली मुलगी असले, तरी पहिली व्यक्ती नाही. त्यामुळे माझ्यासमोर आधीच्या दोन निरोपांचे अनुभव होते, आणि दोन्हींचे निकाल अगदी वेगळे होते.

दोन घरे, दोन निरोप

पहिला अनुभव आजोळचा. माझे मामू 1980च्या दशकात कुवेतला गेले. तेलाच्या किमती 1973नंतर भडकल्या, आखातात बांधकामे सुरू झाली आणि आधी जहाजांवर खलाशी म्हणून जाणारे कोकणचे तरुण विमानाने कुवेत, दुबई, सौदीला जाऊ लागले. मामू त्यांतलेच एक. जुलै 1990च्या सुरुवातीला बकरी ईद होती. ती घरी करून ते त्याच महिन्यात परत गेले. 2 ऑगस्टला इराकचे सैन्य कुवेतमध्ये घुसले.

त्यानंतर पत्र नाही, फोन नाही, मनीऑर्डर नाही. भारत सरकारने आणि एअर इंडियाने जॉर्डनमधल्या अम्मानहून सुमारे 1 लाख 70 हजार भारतीयांना विमानाने परत आणले. तो इतिहास आता आपण सिनेमातून ओळखतो. पण अम्मानला पोहोचेपर्यंत मामूंसारख्या माणसांनी वाळवंटातून बसचा प्रवास केला होता, छावणीत दिवस काढले होते, आणि इकडे नानीला ते जिवंत आहेत की नाहीत हेही ठाऊक नव्हते. ते घरी आले तेव्हा सप्टेंबर संपत आला होता. हातात एक बॅग होती.

जवळजवळ दोन महिने घर कसे चालले? मामूंनी त्या ईदला एक काम केले होते. शाळेच्या चाळीस पानी वहीत त्यांनी सगळे लिहून ठेवले होते: कोणाकडून किती उसने घेतले, कोणाला किती दिले, पोस्टातल्या पुस्तकात किती शिल्लक, विम्याचा हप्ता कधी, छपराच्या कौलांचे पैसे कोणाला द्यायचे राहिले. नानीला वाचता येत नव्हते. अम्मी तेव्हा शाळेत होती, ती रोज वाचून दाखवायची. त्या वहीच्या जोरावर नानीने दोन माणसांकडून मामूंचे पैसे वसूल केले आणि एका सावकाराचा खोटा दावा दारातून परत पाठवला. अम्मी ही गोष्ट सांगते तेव्हा युद्धाबद्दल फार बोलत नाही, वहीबद्दल बोलते.

दुसरा अनुभव आमच्या स्वतःच्या घरचा. चाचा कतारला दोहात आहेत. 2019च्या ईदला ते घरी आले होते. मोठी दावत झाली, सगळ्यांचे फोटो आहेत. दादांची तब्येत उतरली होती हे सगळ्यांना दिसत होते, पण ‘ईदच्या दिवशी असले विषय नकोत’ म्हणून कोणी काही बोलले नाही. मार्च 2020मध्ये कोरोनामुळे आंतरराष्ट्रीय विमाने थांबली. 7 मेपासून वंदे भारत मोहिमेची विमाने सुरू झाली खरी, पण त्यांत सगळ्यांना लगेच जागा कुठून मिळणार? 25 मेला ईद-उल-फित्र झाली. त्याच आठवड्यात दादा अल्लाहला प्यारे झाले. चाचांनी जनाजा मोबाइलवर पाहिला.

चाचा पोहोचू शकले नाहीत, यात कोणाचाच दोष नाही. पण पुढची तीन वर्षे जे झाले ते टाळता आले असते. दादांनी बागेसाठी कोणाकडून किती घेतले होते, ते फेडले होते का, खालच्या बागेतली कलमे कोणाच्या पैशांनी लागली, फुफींचा हिस्सा ते कसा देणार होते, यातले काहीच कोणाला नक्की माहीत नव्हते. प्रत्येकाची आठवण वेगळी. सातबाऱ्यावर वारस नोंद लागायला तीन वर्षे गेली आणि तेवढा काळ दोन भावंडांचे बोलणे बंद राहिले. जमिनीचा तुकडा लहानच होता. भांडण त्याच्यावरून झालेच नाही. ‘अब्बांनी मला सांगितले होते’ हे प्रत्येकाचे म्हणणे होते, आणि ते पडताळायला ना कागद होता ना साक्षीदार.

एका घरात चाळीस पानी वही होती, दुसऱ्या घरात फोटोंचा अल्बम. निघण्याआधीच्या भेटीत काय करायचे, हे मला या दोन घरांनी शिकवले.

हजरत हाजरांचा प्रश्न

बकरी ईदला आपण ह. इब्राहीम (अ.) आणि ह. इस्माईल (अ.) यांची आठवण काढतो. कुर्बानीची गोष्ट लहान मुलांनाही तोंडपाठ असते. पण याच घराण्याची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती थेट निरोपाची आहे.

बुखारीतल्या प्रदीर्घ हदीसमध्ये ती येते. ह. इब्राहीम (अ.) आपल्या पत्नी हाजरा आणि अंगावर पिणारे बाळ यांना मक्केच्या ओसाड खोऱ्यात घेऊन आले. तिथे माणूस नव्हता, पाणी नव्हते. थोडे खजूर आणि पाण्याची एक मशक त्यांच्याजवळ ठेवून ते निघाले. ह. हाजरा त्यांच्या मागे गेल्या आणि आम्हाला इथे सोडून कुठे निघालात असे पुन्हा पुन्हा विचारू लागल्या. उत्तर मिळेना. तेव्हा त्यांनी नेमका प्रश्न विचारला: हा अल्लाहचा आदेश आहे का? उत्तर ‘हो’ आले, तेव्हा त्या निर्धास्त मनाने परतल्या. मग पाणी संपले, बाळ तहानेने तळमळू लागले आणि त्या सफा-मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावल्या. पुढे जमजम आले.

आपले जाणे आणि ह. इब्राहीम (अ.) यांचे जाणे यांची बरोबरी होऊ शकत नाही. ते अल्लाहच्या आदेशाने निघाले होते, आपण पगारासाठी किंवा पदवीसाठी निघतो. पण या गोष्टीत दोन गोष्टी मला आपल्या कामाच्या वाटतात.

पहिली, मागे राहणाऱ्या स्त्रीने प्रश्न विचारला आणि तिला उत्तर मिळाले. तिचा प्रश्न कोणी उद्धटपणा मानला नाही. आमच्या गावात किती बायकांना असा प्रश्न विचारता आला? ‘व्हिसा आला’ ही बातमी त्यांना बहुतेक वेळा शेवटी कळते. किती वर्षांसाठी, कोणत्या करारावर, घरखर्चाचे काय, सासूच्या आजारपणाचे काय, हे विचारायची सोयच नसते. अल्लाहच्या नबीला त्यांच्या पत्नीने ‘का?’ विचारले असेल, तर दुबईला निघालेल्या नवऱ्याला आणि जर्मनीला निघालेल्या मुलीलाही तो विचारता आला पाहिजे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. हज आणि उमराला जाणारा प्रत्येक माणूस, मग तो राजा असो की मजूर, सफा-मरवामध्ये सई करतो. तो कोणाच्या पावलावर पाऊल टाकतो? मागे राहिलेल्या, एकटीने बाळाला जगवलेल्या आईच्या. आपल्या दीनने राहणाऱ्या माणसाच्या धडपडीला इबादतीचा दर्जा दिला. आणि आपण मात्र विमानतळावर जाणाऱ्यालाच हार घालतो.

तीस घरे की दहा माणसे

मग निघण्याआधी घरी जाऊन करायचे काय? सुरुवात भेटींपासून करू.

शेवटच्या ईदला सगळ्यांकडे जाऊन यायचे, कोणी राहिले तर नाराजी, असा आपला रिवाज आहे. पण प्रत्येक घरी बारा मिनिटे बसून निघणे याला मी भेट म्हणणार नाही. ती हजेरी झाली. सिला-रहमीचा अर्थ नाते जोडून ठेवणे असा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार, आपल्याशी चांगले वागणाऱ्याशी चांगले वागणे ही फक्त परतफेड आहे. नाते जोडणारा खरा तो, जो तुटलेले जोडतो. या मापाने पाहिले तर निघण्याआधी सर्वात आधी कोणाकडे जायला हवे, ते आपोआप ठरते: जिथे बोलणे बंद आहे तिथे.

कुर्बानीने ही वाट सोपी करून ठेवली आहे. गोश्ताचा वाटा नातेवाइकांकडे आणि गरजूंकडे पोहोचवायचाच असतो. एरवी तो वाडीतली मुले पिशवीतून पोहोचवतात. यंदा मी आणि माझा धाकटा भाऊ स्वतः घेऊन गेलो. ज्या घराशी तीन वर्षे बोलणे नव्हते त्या घरीही गेलो. जुना विषय निघाला नाही. पण निघताना त्या घरातल्या चाचींनी माझ्या हातात कोकमाची बाटली ठेवली आणि ‘तिकडे सर्दी झाली की घे’ म्हणाल्या. एवढ्याने वाद मिटला असे मी म्हणत नाही. पण उद्या आमच्या घरात रात्री-अपरात्री गरज पडली, तर भाऊ आता ते दार वाजवू शकतो. माझ्या मागे राहणाऱ्यांसाठी हे सोड्यांच्या पिशवीपेक्षा मोलाचे आहे.

यादीत शेजारीही हवेत, आणि शेजारी म्हणजे फक्त आपल्या मोहल्ल्यातले नव्हेत. आमच्या घराच्या खालच्या अंगाला राहणारे कुणबी कुटुंब दादांच्या काळापासून आमच्या बागेची राखण करते. मला मराठी शिकवणाऱ्या बाई आता निवृत्त होऊन तालुक्याच्या गावी राहतात. त्यांच्याकडे दुपारभर बसले. त्यांनी माझा प्रवेशाचा कागद चष्मा लावून वाचला आणि वर्गात विचारायच्या तसे पाच प्रश्न विचारले. आजच्या वातावरणात आपल्याविषयी बाहेर काय काय बोलले जाते ते आपण ऐकतो. त्याला उत्तर म्हणून लेख लिहावेत, सभा घ्याव्यात, ते हवेच. पण गावातली जुनी नाती राखली नाहीत, तर त्या सभांना पाया उरत नाही. ही नाती आपल्या आईवडिलांचा आधार आहेत, आणि आपण गेल्यावर ती आपोआप टिकत नाहीत.

घरच्या माणसांत कागद कशाला?

आता सर्वात अवघड भाग, पैशांचा.

जर्मनीच्या विद्यार्थी-व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी दाखवावी लागते. बहुतेक विद्यार्थी त्यासाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडतात. 2025मध्ये ही रक्कम 11,904 युरो होती, म्हणजे तेव्हाचे आपल्याकडचे 11-12 लाख रुपये. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजात सवलत देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना 2022-23पासून बंद झाली. याच सुमारास मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही बंद करण्यात आली. सरकारने हात काढून घेतला की भार कोणावर येतो? घरावर. माझ्या बाबतीत अम्मीच्या बांगड्या गहाण पडल्या, चाचांनी दोहाहून पैसे पाठवले आणि मी तीन वर्षे नोकरी करून साठवलेले त्यात गेले.

चाचांचे पैसे कर्ज-ए-हसना आहेत, बिनव्याजी. मी ते लिहून द्यायचे म्हटल्यावर घरात कुजबुज झाली. ‘घरच्या माणसांत कागद कशाला? चाचांवर विश्वास नाही का?’ हे वाक्य आपल्या घरांत इतके मुरले आहे की त्याच्याविरुद्ध बोलणे म्हणजे नाते तोडणे वाटते.

पण कुरआनमधली सर्वात लांब आयत कोणती? सूरह अल-बकराची 282वी. तिचा विषय कर्ज लिहून ठेवणे हा आहे. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहा, साक्षीदार ठेवा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असे ती सांगते. त्यात नातेवाइकांना सूट दिलेली नाही. लिहिण्यामागे अविश्वास नसतो. उद्या मी नसले, किंवा चाचा नसले, तर त्यांची मुले आणि माझे आईवडील एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसू नयेत, म्हणून लिहायचे. एका पानावर लिहिले, दोघांनी सह्या केल्या, अब्बा आणि भाऊ साक्षीदार झाले. चाचांनी सही करून पाठवताना फोनवर एवढेच म्हटले, ‘हे 2019ला करायला हवे होते.’

तीच गोष्ट वसीयतची. ज्याच्याजवळ सांगण्याजोगे काही आहे अशा मुसलमानाने दोन रात्रीही लिखित वसीयतीविना काढू नयेत, अशी हदीस आहे. आपण तिला म्हातारपणाचा विषय समजतो. चोविसाव्या वर्षी माझी मालमत्ता म्हणजे एक बँक खाते, एक लॅपटॉप आणि कर्ज. तरीही कोणाचे किती देणे आहे आणि खात्याचा वारस कोण हे लिहून ठेवले. यात अशुभ काही नाही.

या विषयात आणखी एका कागदापासून सावध राहायला हवे. घरातला कोणी लांब जाणार असला की ‘सगळे जमलेच आहेत तर’ म्हणून काही ठिकाणी बहिणींसमोर हक्कसोडपत्र ठेवले जाते. ईदचा दिवस, भाऊ परदेशी निघालेला, डोळ्यांत पाणी. अशा वेळी कोणती बहीण नाही म्हणेल? सूरह अन-निसाने स्त्रियांचा हिस्सा ठरवून दिला आहे, मालमत्ता थोडी असो की फार. तो हिस्सा आधी तिच्या ताब्यात द्या. मग तिला खुशीने भावाला काही द्यायचे असेल तर तो तिचा प्रश्न. निरोपाच्या भावनेत घेतलेल्या सहीला खुशीची सही म्हणता येणार नाही. निघणारा भाऊ स्वतः ‘आज हा कागद नको’ म्हणाला, तर त्याच्यासारखी ईदी बहिणीला दुसरी नाही.

‘मुलगी गेली तर घर कोण बघणार?’

हा प्रश्न मला नऊ दिवसांत कितीजणांनी विचारला याची मोजदाद नाही. चाचा गेले तेव्हा तो कोणी विचारला नव्हता. मामू गेले तेव्हाही नाही. कारण मुलगा गेला तरी घर बघायला बायका असतात हे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. मुलगी निघाली की ही व्यवस्था अचानक डोळ्यांपुढे येते.

प्रश्न चुकीचा नाही, तो फक्त उशिरा आणि चुकीच्या माणसाला विचारला जातो. म्हणून ईदच्या तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे ओटीवर बसलो, चाचांना फोनवर घेतले आणि तो प्रश्न घरासमोर ठेवला. दादींचे वय बयाऐंशी. अम्मीला साखर आहे, गुडघे दुखतात. तपासण्यांना चिपळूणला जावे लागते, मोठे काही निघाले तर मुंबईला. आजवर हे सगळे फोनवरून मी सांभाळत होते. यापुढे कोण?

दोन तास लागले. दादींच्या औषधांचा महिन्याचा खर्च चाचांनी घेतला. चिठ्ठ्या आणि रिपोर्टांची फाइल भावाकडे गेली, प्रत्येक कागदाचा फोटोही त्याच्याकडे. मुंबईला जावे लागले तर मुंब्र्यात खालांकडे उतरायचे, ते त्यांना विचारूनच ठरवले. फुफी जवळच्या गावात राहतात म्हणून सगळे त्यांच्याकडे पाहू लागले, तेव्हा दादीच म्हणाल्या, ‘तिला तिचे घर आहे.’ शेवटी अम्मीला दवाखान्यात नेण्याचे काम अब्बांनी स्वतःकडे घेतले. लग्नाला सव्वीस वर्षे झाली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी अम्मीच्या गोळ्यांची नावे आणि वेळा स्वतःच्या हाताने लिहून घेतल्या. स्पेलिंग विचारत विचारत.

मला वाटते, जाणारा आपल्या घराला देऊन जाऊ शकतो ती हीच भेट. पैसे नंतरही पाठवता येतात. कामाची अशी वाटणी मात्र समोरासमोर बसल्याशिवाय होत नाही.

तीन आक्षेप

माझ्या मैत्रिणींनी यावर तीन आक्षेप घेतले. ते रास्त आहेत, म्हणून उत्तर देते.

एक, ‘आता रोज व्हिडिओ कॉल होतो. पूर्वीसारखे पत्राची वाट पाहायचे दिवस राहिले नाहीत.’ खरे आहे. पण व्हिडिओ कॉलवर घरचे लोक चांगले दिसण्याची काळजी घेतात. अम्मी कॅमेऱ्यापुढे बसलेली असते, तेव्हा ती पायऱ्या कशी उतरते हे दिसत नाही. ते मला घरी राहून तिसऱ्या दिवशी दिसले.

दोन, ‘ईद खुशीचा दिवस. त्यात कर्ज, वसीयत, आजारपण कशाला?’ ईदच्या दिवशी नमाज, कुर्बानी, जेवण, हसणे-खेळणे हेच असावे. म्हणूनच मी ‘निघण्याआधीची ईद’ म्हणते तेव्हा आधीचे-नंतरचे दिवसही धरते. नऊ दिवसांतले दोन तास बोलण्यात गेले, बाकी सगळी ईदच होती. आणि ज्या घरात काळजी मनातच ठेवली जाते, तिथली खुशीही वरवरची असते.

तीन, ‘नऊ दिवस सुट्टी कोण देतो?’ हा सर्वात खरा आक्षेप. सरकारी सुट्टी एक दिवसाची. रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होते आणि बकरी ईदची तारीख चंद्र दिसल्यावर दहा दिवस आधी पक्की होते, त्यामुळे कोकणात जाणाऱ्याला एका दिवसाचा अंदाज धरूनच तिकीट काढावे लागते. मी काम करत होते तिथे एवढी सुट्टी मागितल्यावर कपाळाला आठ्या पडल्या. पण निघण्याच्या वर्षात रजा साठवून ठेवता येते. नऊ नाही तर पाच दिवस मिळवा. अगदीच ईदला जमले नाही तर दुसरा आठवडा निवडा, पण फक्त विमानाच्या आदल्या रात्री पोहोचू नका.

आखाताकडे निघणाऱ्यांसाठी चार शब्द

मी शिकायला जाते आहे. माझे कितीतरी चुलत-मावस भाऊ कामाला जातात. त्यांच्या घरी या भेटीत काही कागद मागे राहायलाच हवेत. कराराची प्रत, कंपनीचा पत्ता, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, तिकडच्या दोन ओळखीच्या माणसांचे नंबर. दहावी नापास असलेल्यांना आखाती देशांत कामाला जाण्यासाठी ‘ई-मायग्रेट’वरून सरकारी मंजुरी घ्यावी लागते. त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांना 275 रुपये आणि तीन वर्षांना 375 रुपये हप्ता, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला 10 लाखांचे संरक्षण. पॉलिसीची प्रत घरी नसेल तर दावा कोण आणि कसा करणार? एजंट नोंदणीकृत आहे का ते त्याच ‘ई-मायग्रेट’वर दिसते. त्याला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि दिलेल्या पैशांची पावती घ्यायची असते. तिकडे अडचण आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरचे लोकही तक्रार नोंदवू शकतात. हे घरातल्या एका तरी माणसाला आधी शिकवून ठेवा, शक्यतो बहिणीला किंवा बायकोला.

केरळने 1996मध्येच परदेशस्थ केरळी लोकांसाठी ‘नोर्का’ हा वेगळा विभाग काढला. आपल्याकडे कोकणातल्या किती गावांचा संसार पिढ्यान् पिढ्या बाहेरच्या पैशांवर चालला, तरी निघणाऱ्याला आणि राहणाऱ्याला एकत्र बसवून सांगणारी सोय गावात नाही. सरकारने ती करावी अशी मागणी आपण करूच. पण प्रत्येक जमातीला, प्रत्येक युवक मंडळाला एवढे तरी आजच जमेल: रमजानमध्ये किंवा मे महिन्याच्या सुट्टीत एक दिवस ठेवायचा, ज्या घरांतून त्या वर्षी कोणी निघणार आहे त्या घरांना बोलवायचे, बायकांसकट. एक वकील, एक जाणकार आलिम आणि आखातातून परत आलेला एक अनुभवी माणूस. कर्जाचा कागद कसा लिहायचा, वसीयत कशी करायची, विम्याचा दावा कसा करायचा, एवढेच शिकवायचे. यासाठी ना मोठा निधी लागतो ना मोठे व्यासपीठ. मशिदीची ओसरी पुरते.

या वर्षी तुमच्यापैकी कितीतरी जण निघणार आहात. कोणी शारजाला, कोणी रियाधला, कोणी लंडनला. बॅग भरायला घरातले सगळे मदत करतील. बॅग बंद करण्याआधी घरातल्या प्रत्येकाला एकेकटे गाठून एवढेच विचारा: मी गेल्यावर तुझ्यावर काय पडणार आहे? मग गप्प बसा आणि त्यांचे पूर्ण ऐकून घ्या. अल्लाह तुमचा प्रवास आसान करो, आणि मागे राहणाऱ्यांचे दिवसही.